अचानक निम्मी सवलत का?

प्रश्न : आमच्या संस्थेत अकरा वर्षांपासून एका मोठ्या कंपनीचा डेटाबेस आहे. यंदा परवान्याच्या नूतनीकरणाआधी आम्ही सहज म्हणून पोस्टग्रेस या फुकट, खुल्या (ओपन सोर्स) डेटाबेसवर एक छोटी यंत्रणा चालवून पाहिली. कंपनीच्या प्रतिनिधीला हे कळलं मात्र, आठवड्याभरात तुलनेचा एक तक्ता आला, मग निम्म्या सवलतीचा प्रस्ताव आला आणि शेवटी आमच्या संचालकांना थेट वरून फोन आला. अकरा वर्षांत ज्यांनी एक पैसा सोडला नाही, त्यांना आताच एवढा पुळका का? सवलत घ्यावी का?

उत्तर : पुळका तुमचा नाही, नूतनीकरणाचा आहे. मी एकवीस वर्षं अशाच एका कंपनीच्या विक्री विभागात होते. तुमच्यावर आले ते तिन्ही बाण आमच्याही भात्यात होते, आणि सुटायचेही याच क्रमाने.

त्यातला तक्ता बनवायचं काम माझ्याकडे असे. चाळीस ओळी, आमच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण, समोरच्याच्या रकान्यात फुल्या. त्यात खोटं काही नसायचं. सगळी करामत ओळी निवडण्यात. एका ग्राहकाने तक्ता वाचून शांतपणे विचारलं, "यातल्या किती गोष्टी आम्ही वापरतो?" मी मोजून खरं ते सांगितलं : सहा. त्या ग्राहकाकडे मला पुन्हा पाठवलं गेलं नाही. तुमच्याकडच्या तक्त्यावर हाच प्रयोग करा, अर्धा तास पुरतो.

असा तक्ता दाखवून घाबरवण्याचा मार्ग तसा जुनाच. पण ओपन सोर्सपुढे तो फारसा चालत नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतल्या टिपणात लिहिलेलं होतं. 1998 मध्ये ती टिपणं फुटली आणि 'हॅलोवीन डॉक्युमेंट्स' म्हणून गाजली. एरवी 'ही छोटी कंपनी उद्या बुडाली तर?' असं विचारता येतं. इथे बुडायला कंपनीच नाही, सोर्स कोड सगळ्यांच्या हातात आहे. त्याच टिपणात दुसरा उपाय होता : सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांत, स्वतःची भर घालायची, म्हणजे इतरांना शिरकाव अवघड. एवढं कळूनही 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमला कर्करोग म्हटलंच. सवय सुटत नाही.

आता सवलत. 2003 मध्ये म्युनिक शहराची नगरपरिषद विंडोज सोडून लिनक्सकडे जायच्या बेतात होती, तेव्हा बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले. किंमत उतरवली, तरी शहराने लिनक्सच निवडलं. (पुढे 2017 मध्ये त्याच शहराने विंडोजकडे परतायचं ठरवलं. ते दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात, म्हणून मीच सांगून टाकते.) तुमच्या संचालकांना आलेल्या फोनमागे हेच गणित आहे. एक ग्राहक गेला की त्याची बातमी होते, आणि बाकीचे आपापले करार कपाटातून काढून वाचू लागतात.

तुमच्या क्षेत्रात आणखी एक चाल झाली. 2005-06 च्या सुमारास ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम, तिघांनीही आपापल्या डेटाबेसची फुकट छोटी आवृत्ती काढली. पहिल्या दोघांच्या आवृत्त्यांत माहितीला 4 जीबीची मर्यादा होती. शिकणाऱ्याने मायएसक्यूएल या दुसऱ्या ओपन सोर्स डेटाबेसवर किंवा पोस्टग्रेसवर हात बसवण्याआधी आपल्यावर बसवावा, आणि 4 जीबी भरले की परवाना घ्यावा. मला ही चाल मनापासून आवडायची. यात कुणाला भीती घालावी लागत नाही. ओरॅकलने तर 2005 मध्येच मायएसक्यूएलमध्ये माहिती साठवणारं इनोडीबी हे इंजिन बनवणारी कंपनी घेतली आणि 2010 मध्ये सन या कंपनीबरोबर मायएसक्यूएलही ओरॅकलकडे आलं. पण कोड कुणीही घ्यावा, बदलावा अशी मुभा देणाऱ्या जीपीएल परवान्याखाली असल्याने मूळ निर्मात्याने 2009 मध्येच मारियाडीबी हा वेगळा फाटा काढला होता. कंपनी विकत घेता येते, कोडचे फाटे फुटायचे थांबवता येत नाहीत.

सवलत घ्या की. पण आधी तुमच्याकडे स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेले छोटे प्रोग्रॅम, किती आहेत ते मोजा. माहिती बऱ्याचदा एखाद्या शनिवार-रविवारात दुसरीकडे नेता येते. त्या कंपनीच्याच भाषेत अकरा वर्षं लिहिलेल्या प्रोसिजर नव्याने लिहायला महिने जातात, आणि प्रतिनिधीला हा आकडा तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. निम्मी सवलत त्यावरूनच ठरते. आकडा लहान निघाला तर आणखी घासाघीस करा. मोठा निघाला तर आजपासून नवं काही त्या भाषेत लिहायचं नाही, एवढं ठरवा.

करारात पुढच्या नूतनीकरणाची वाढ किती टक्क्यांच्या वर जाणार नाही ते लिहून घ्या. आम्ही पहिल्या वर्षी सोडलेलं चौथ्या वर्षी वसूल करायचो. सवलतीबरोबर दुसरं एखादं उत्पादन गळ्यात मारलंय का पाहा. परवाना तपासणीचं कलम नीट वाचा. बोलणी फिसकटली की तपासणीचं पत्र येतं, हा योगायोग मी बरेचदा पाहिलाय. आणि पोस्टग्रेसवरची ती छोटी यंत्रणा बंद करू नका. प्रतिनिधी 'आता कशाला ठेवताय' असं गोडीत म्हणेलच.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट आता लिनक्सवर प्रेम आहे म्हणते. हे खरं मानायचं?

उत्तर : प्रेमाचं मला कळत नाही, बिलाचं कळतं. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या क्लाउडवर कुणी लिनक्स चालवलं तरी भाडं मायक्रोसॉफ्टलाच मिळतं, मग भांडायचं कशाला? 2016 मध्ये ती लिनक्सला आधार देणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेत गेली, 2018 मध्ये साडेसात अब्ज डॉलरला कोड ठेवायचं गिटहब हे संकेतस्थळ घेतलं. प्रोग्रॅम बनवायचं डॉटनेट खुलं केलं, कोड लिहायच्या व्हीएस कोड या संपादकाचा बराचसा भागही. विंडोज आणि ऑफिस मात्र अजून कुलपातच आहेत.