निबंधात गोवा का नाही?

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

चर्चासत्रासाठी भारताच्या शांतिसेनेतल्या कामगिरीवर लिहिलेला तुझा निबंध वाचला. पहिली दोन पानं सरळ काढून टाक. ‘वसुधैव कुटुंबकम्’ने सुरुवात केली की परीक्षक मान डोलावतात आणि पुढचं वाचायचं सोडून देतात. खरा प्रश्न हा, की महासत्ता नसलेल्या देशाला दुसऱ्यांच्या भांडणात मधे उभं राहू देतं कोण, आणि का?

कोरियापासून सुरू कर. १९५३ मध्ये युद्ध थांबलं, पण मायदेशी जायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी उरले. त्यांची राखण भारतीय दलाकडे आली. दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारतीय इतके नकोसे, की आपल्या जवानांना त्यांच्या जमिनीवर पाय ठेवायलाही मनाई! शेवटी अमेरिकनांनी हेलिकॉप्टरनं उचलून त्यांना निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. पुढे कैद्यांनी एका भारतीय मेजरला डांबून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. काम संपल्यावर कुठल्याच कोरियात किंवा चीनमध्ये जायचं नाही म्हणणारे ८८ जण या दलाबरोबर भारतात आले. तुझ्या निबंधात या सगळ्याला एकच ओळ आहे. इथे पान खर्च कर.

आता तू गाळलेला भाग. ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया काँगोत, एलिझाबेथव्हिलला, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढताना पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याला दोन आठवडे व्हायच्या आत त्यांच्याच देशाची मराठा पॅरा पलटण पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात फोंड्यावर चालून आली. १८ तारखेला सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधीचा पाश्चात्त्य ठराव आला, त्याला ११ पैकी ७ मतं पडली आणि सोव्हिएत नकाराधिकारानं तो बारगळला. एकीकडे शांतिसेना, दुसरीकडे चढाई, हा दुटप्पीपणा नाही का, असं कुणीतरी विचारणारच. गोव्याच्या मुलानं तो प्रश्न स्वतःहून काढावा, अंग चोरू नये.

माझं मत सांगतो, पटलं तर घे. त्या ठरावाच्या विरोधात सोव्हिएत संघाबरोबर मत दिलं ते सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तच्या संयुक्त अरब प्रजासत्ताकानं. भारत वसाहती मोडायच्या बाजूचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि काँगोत कटांगा या फुटू पाहणाऱ्या प्रांताचं बंड जुन्या राज्यकर्त्या बेल्जियमच्या पाठबळावरच उभं होतं. आपली ब्रिगेड गोव्यानंतरही तिथेच राहिली. तेव्हा ‘भारत तटस्थ होता म्हणून स्वीकारार्ह होता’ हे तुझं वाक्य अर्धंच खरं आहे.

श्रीलंकेतली १९८७ ते १९९० ची शांतिसेना मात्र या माळेत ओवू नकोस. ती संयुक्त राष्ट्रांची नव्हती. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढाई जुंपली आणि आपले हजारावर जवान गेले.

कॅनडाचं कौतुक थोडं आवर. लेस्टर पिअर्सन यांना १९५७ चं नोबेल सुएझच्या शांतिसेनेच्या कल्पनेमुळे मिळालं, कबूल. पण १९९४ मध्ये रवांडात संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे कॅनडियन सेनापती रोमेओ डॅलेअर जादा माणसं मागत होते आणि सुरक्षा परिषदेनं ऐन कत्तलीत दल २७० वर आणायचं ठरवलं. हुकूम काढणारे वेगळे, मरायला जाणारे वेगळे. आजही सर्वाधिक सैनिक देणाऱ्यांत नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत आहेत. परिषदेत कायमची खुर्ची यांच्यापैकी कुणालाच नाही.

म्हणून शेवटी ‘इतकं रक्त सांडलं, आता कायम सदस्यत्व द्या’ हे काढ. मागणी रास्त असेल, पण तो हिशेब लावायचा तर नेपाळही रांगेत येतो, आणि त्यावर तुझ्याकडे उत्तर नाही.

नवा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. हातानं लिहिलेला नको, माझे डोळे आता साथ देत नाहीत.

तुझा,
सर