मुलाचे संगीतशिक्षक वारले, ते सर्फरही होते, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होणारे. स्मृतिसभेत पालक म्हणून पाच मिनिटं काय बोलावं?

सगळ्यात आधी, "ते फार प्रेमळ होते, विद्यार्थिप्रिय होते" हे बोलू नका. ते बाकीचे दहा जण बोलणारच आहेत आणि त्यात गेलेला माणूस कुठेच दिसत नाही. तुम्ही त्यांना काहीतरी करताना पाहिलं असेल, तेवढं एकच सांगा. पाच मिनिटं त्यालाच अपुरी पडतील.

हे मी अनुभवावरून सांगतेय. आम्ही सिडनीत डी वाय या किनाऱ्यालगतच्या उपनगरात राहतो. माझ्या लेकीच्या शाळेतले संगीताचे सर दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेले, अगदी अचानक. बँडची तालीम सकाळी साडेसातला असायची आणि त्याआधी तासभर सर जवळच्या फ्रेशवॉटर नावाच्या किनाऱ्यावर, पाण्यात असायचे. केस ओले, गळ्यात टॉवेल, पियानोखाली वाळू. समुद्र सपाट असला, लाटा नसल्या की त्या दिवशी तालीम लांबणार, हे मुलांना पाठ होतं.

लेक ट्रॉम्बोन वाजवते, ते फुंकून वाजवायचं लांब पितळी वाद्य. शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनवाल्यांना वाजवण्यापेक्षा थांबायचंच काम जास्त. वीस-वीस बार, म्हणजे ठरावीक मात्रांची वीस-वीस आवर्तनं, गप्प बसायचं आणि मग नेमकं उचलायचं. मुलं कंटाळतात, मोजणी चुकते. सर मध्येच सगळा बँड थांबवून मागच्या रांगेला विचारायचे, "कितवा बार?" उत्तर नाही आलं की पुन्हा पहिल्यापासून. पाण्यातही ते तसेच. लाटा काही एकेकट्या येत नाहीत, चार-पाच मिळून येतात आणि मग बराच वेळ पाणी शांत. नवशिके पहिल्याच लाटेवर तुटून पडतात, आणि ती चुकली की मागच्या सगळ्या त्यांच्या डोक्यावर फुटतात. सर बोर्डवर बसून नुसते मोजत राहायचे. मी काठावरून पाहिलंय. वीस मिनिटांत एक लाट घ्यायचे, पण ती थेट वाळूपर्यंत.

लेक दहावीत असताना अकरावीचे विषय ठरवायची वेळ आली. आमचे भाऊजी पॅरामॅटाकडे राहतात, त्यांनी फोन करून सांगितलं, संगीत काढा, गणित वाढवा. "पाण्यात खेळणारा मास्तर काय शिकवणार?" हे त्यांचे शब्द. आणि मला ते पटले होते. मी संगीत सोडायचा फॉर्म घेऊन सरांना भेटायला गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. फक्त विचारलं, तुमच्या घरी कोण वाजवतं? मी म्हटलं, गुहागरला माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

मग एका शनिवारी व्हिडिओ कॉल. इकडे दुपारचे चार, तिकडे साडेअकरा. बाबांना इंग्रजी येत नाही, सरांना मराठी नाही, मी मध्ये दुभाषी. दहा मिनिटांनी माझी गरजच उरली नाही. बाबांनी हातावर सात मात्रांचा रूपक ताल धरून दाखवला, ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेला टाळी नाही, हात उघडा. रूपकात सम, म्हणजे तालाची पहिली, सगळ्यात वजनदार मात्रा, 'खाली'च्या म्हणजे बिनटाळीच्या जागी येते, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. सर मात्र खुर्चीतून उठले. सगळ्यात वजनदार मात्रा आणि तिथे हात रिकामा? पुन्हा दाखवा म्हणाले. बाबांनी पाच-सहा वेळा दाखवलं. महिन्याभरात सरांनी बँडसाठी सात मात्रांची छोटी रचना लिहिली. तिच्यात पहिल्या मात्रेला ट्रॉम्बोन गप्प असतात.

तो फॉर्म मी दिलाच नाही.

सर गेल्यावर फ्रेशवॉटरला पॅडल आउट झालं. हवाईकडून आलेली रीत आहे. सगळे आपापले बोर्ड घेऊन लाटांच्या पलीकडे जातात, गोल कडं करून बसतात, हात धरतात, फुलं सोडतात आणि हातांनी पाणी उडवत ओरडतात. त्या किनाऱ्याचा सरांना फार अभिमान. 1914 च्या डिसेंबरात हवाईचा नामांकित जलतरणपटू आणि सर्फर ड्यूक कहानामोकू याने तिथे पाइनच्या लाकडाची फळी घेऊन लाटा घेतल्या. ती फळी आजही तिथल्या सर्फ क्लबात आहे. पण सर गोष्ट सांगायचे ती तिथल्याच इझाबेल लेथम नावाच्या मुलीची. पुढच्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, ती ड्यूकबरोबर त्याच फळीवर उभी राहिली, आणि पुढे तिने जन्मभर पोहणं शिकवलं. संगीतावरचं जलनृत्यसुद्धा. 1995 मध्ये ती गेली तेव्हा सर्फरांनी असंच कडं करून तिची रक्षा समुद्रात सोडली. सर म्हणायचे, बघा, ती शिक्षिकाच होती.

लेक त्या दिवशी वाजवायला थांबली नाही, बोर्ड घेऊन कड्यात गेली. काठावर मुलांनी तीच सात मात्रांची रचना वाजवली, ट्रॉम्बोनची एक खुर्ची रिकामी ठेवून. आम्ही गुहागरची माणसं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो, पण पाण्यात उतरत नाही. मी गुडघ्यापर्यंत उतरले.

सभेत मी फक्त व्हिडिओ कॉलचं सांगितलं. त्यांच्या मुलाला ते माहीतच नव्हतं.

भाऊजी नंतर म्हणाले, एका मास्तरासाठी सुट्टी टाकलीत? आणि गुण वाढले का तिचे? नाही वाढले, भाऊजी. गणितात होते तेवढेच राहिले. पण बाबांना त्यांच्या आयुष्यात "पुन्हा दाखवा" म्हणणारा तो पहिला माणूस होता, आपल्या घरातलं कुणीही कधी म्हणालं नव्हतं. तुम्हीही नाही, मीही नाही.

तुमचे सर कुठले, सभा हॉलमध्ये आहे की किनाऱ्यावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. किनाऱ्यावर असेल तर फुलं सुटी न्या, तार, रबर, प्लास्टिक काढून. नारळ नेऊ नका. मी नेला होता, क्लबच्या माणसाने समजावून परत दिला, लाटेबरोबर उलटा आला तर कुणाचं तरी डोकं फुटेल. मी मग शेजारच्या गल्लीतला चाफा वेचून दिला. आणि काय बोलणार ते घरच्यांना आधी सांगून ठेवा, काहींना काही गोष्टी चारचौघांत नको असतात.