ऑफ-रोडिंगसाठी जुनी मेकॅनिकल जीप भरवशाची की नवी सेन्सरवाली गाडी?

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फिरायला गाडी हवीय, जुनी डिझेल जीप आणि थोडी वापरलेली नवी फोर बाय फोर दोन्ही बजेटात बसतायत, आणि ‘सेन्सरवाली घेऊ नकोस, पाण्यात दगा देईल’ असं मित्र सांगतायत, असा तुमचा प्रश्न आहे. मी मुलुंडला राहतो. वीसेक वर्षं याच वाटांवर गाडी घालतोय, आधी जुनी, आता नवी. माझा अनुभव असा की सेन्सर सहसा मरत नाही, त्याच्याकडे जाणारी वायर मरते.

दोन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याहून परतताना एक ओढा ओलांडला आणि पाचेक मिनिटांत इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडीचा दमच गेला. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती आपली रांगतेय. सेन्सरकडून आलेला आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पटला नाही, की इंजिन वाचवायला तो ताकद कापतो. घोटी, कसारा करत मध्यरात्री घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात स्कॅनर लावला, बूस्ट प्रेशर सेन्सरचा (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा) कोड आला आणि लगेच ‘सेन्सर बदलावा लागेल’ असं सांगण्यात आलं. मी गाडी कुर्ल्याला माझ्या ओळखीच्या वायरमनकडे नेली. त्याने सेन्सर बाजूला ठेवला, कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या प्लगमध्ये, मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. बाकीच्या पिना चकचकीत, एकीवर गंजाचा हिरवट थर. कपलरच्या तोंडाशी असतं ते रबरी सील जागेवरच नव्हतं. आधी कुणीतरी उघडून बसवताना ते पडलं असणार. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, नवं सील, वर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत जाऊ न देणारं). तोच सेन्सर आजही गाडीत आहे.

मुंबईत तर हे जास्तच सांभाळावं लागतं. हवा खारी, त्यामुळे बॉडीला जिथे अर्थिंग घट्ट केलेलं असतं तो बोल्ट गंजतो आणि एकाच वेळी चार वेगवेगळे दिवे लागतात. पावसाळ्यात सोसायटीतले उंदीर उबेला बॉनेटखाली शिरतात आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुरतडतात. शिवाय ट्रेलवरून आल्यावर चिखल काढायला आपण गाडी वॉशिंग सेंटरला नेतो. तिथे प्रेशरचं पाणी थेट इंजिनवर मारतात, ते ओढ्याच्या पाण्यापेक्षा वाईट. इंजिनवर प्रेशर मारू देऊ नका, कितीही चिखल असला तरी.

आता जुन्या गाड्यांबद्दल. माझी पहिली गाडी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल होती. खोल पाण्यात फॅनने उडवलेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) गेलं की ती हमखास बंद. मग कॅप काढायची, आतून कोरड्या फडक्याने पुसायची, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, की सुरू. रस्त्यावर दुरुस्त व्हायची हे खरं, पण बंदही तितक्यांदा पडायची. खड्या चढावर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन गचके खायचं, ते वेगळंच. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आणि डिस्ट्रिब्युटर नसलेलं इग्निशन आलं, आणि हे दोन्ही त्रास संपले. ज्या मारुती जिप्सीच्या भरवशाच्या गोष्टी लोक अजून सांगतात, ती १९८५ साली कार्ब्युरेटर घेऊन आली, पण २००० च्या सुमारास तिच्यातही ईसीयू आणि सेन्सर आले. पुढची सगळी वर्षं ती त्यांच्यावरच चालली. तिला कुणी इलेक्ट्रॉनिक गाडी म्हणत नाही, कारण वायरिंग मोजकं आणि हाताला लागेल असं होतं.

जुनं डिझेल मात्र खरोखर वेगळं. ज्या इंजिनात पंप पूर्ण मेकॅनिकल आहे आणि बंद करायला नुसती ओढायची केबल आहे, ते एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच नाही. डिझेलमध्ये हवा शिरली तर नट सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की नट आवळा. हे मुरबाडच्या कुठल्याही फिटरला येतं. पण पंप झिजला तर त्याचं कॅलिब्रेशन मशीनवरच होतं, आणि तसं मशीन जंगलात नसतं. शिवाय पंधरा वर्षं झालेली गाडी घेतलीत तर आरटीओत फिटनेस आणि री-रजिस्ट्रेशन आलंच.

आणि मेकॅनिकल भाग बिघडण्याआधी आवाज करून इशारा देतो असं म्हणतात, पण तेही नेहमी खरं नाही. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदरचं (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायची नळी) तोंड पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजलं असेल, तर पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही कळत नाही. माझ्या जुन्या गाडीचा ड्रेन प्लग उघडला तेव्हा दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल आलं, आणि तोवर बेअरिंग गेलं होतं. खोल पाण्यातून आलात की प्लग उघडून बघा आणि ब्रीदरचा पाइप वर बॉनेटपर्यंत चढवून घ्या. एअर इनटेकमधून पाणी गेलं तर इंजिन जुनं की नवं, काही फरक पडत नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारणाऱ्यांनी कनेक्टिंग रॉड वाकवून घेतले.

एका ठिकाणी मी मेकॅनिकलचाच आग्रह धरीन: फोर व्हील ड्राइव्हचा लिव्हर. तीन दारांची थार किंवा जिम्नी, दोन्हींत तो हाताने ओढायचा. स्कॉर्पिओ-एनसारख्या गाडीत हे काम बटणावर, मोटरने होतं. वापरायला छान, पण चिखलात रुतल्यावर लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) लागली की नाही हे मला तळहाताला कळलेलं बरं वाटतं. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेणार असाल तर आणखी एक: शहरातल्या ट्रॅफिकमध्येच फिरवलीत तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरून जातो. अधूनमधून नाशिक हायवेला तासभर एका वेगात चालवा, म्हणजे ती काजळी जळून जाते.

मी तुमच्या जागी असतो तर लिव्हरवाली नवी गाडी घेतली असती. फक्त बयाणा देण्याआधी वायरमनला सोबत न्या. पुढच्या चाकाजवळचा एबीएस सेन्सरचा कपलर उघडायला सांगा, आणि आधीच्या मालकाने फॉग लाइट, विंच लावताना वायरला जोड मारून नुसती टेप गुंडाळलीय का ते बघा. पिना हिरव्या दिसल्या आणि टेपही दिसली, तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्या.