मीटर खोटं, की गणित?

प्रश्न : मास्तर, बारा व्होल्टच्या फिलामेंटच्या बल्बवर मी मोजमाप केलं. व्होल्टमीटर 12 दाखवत होता आणि अँमीटर 1.75. म्हणजे 21 वॅट, आणि बल्बवरही तेच छापलंय. 12 भागिले 1.75 केल्यावर रोध आला साधारण 6.9 ओहम. मग बल्ब काढून मल्टिमीटर लावला तर 0.7! हा आकडा खरा धरला तर बल्बने 17 अँपिअर ओढायला हवेत. मीटर बिघडलाय का?

उत्तर : मीटर टाकून देऊ नका. आधी त्याच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवून बघा. शून्य येणार नाही, 0.2 च्या आसपास काहीतरी दिसेल. तो त्या वायरींचाच रोध. तो वजा केला की बल्बच्या वाट्याला 0.5 उरतो. शंभर ओहम मोजताना हे कुणी बघत नाही, पण एक ओहमच्या खाली मोजायचं असेल तर ही वजाबाकी केल्याशिवाय आकडा लिहू नये.

तरीही 0.5 आणि 6.9 यांत तेरा-चौदा पटींचा फरक राहतोच, आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत. मीटरने गार बल्ब मोजला, गणित तुम्ही पेटलेल्या बल्बचं केलंत. टंगस्टनची तार पेटते तेव्हा अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि तापताना दर अंशामागे तिचा रोध गार रोधाच्या साधारण 0.45 टक्क्यांनी वाढत जातो. मल्टिमीटर सोडतो त्या करंटने तिला नीट ऊबही येत नाही.

तुमची 17 अँपिअरची शंका मात्र वाया गेलेली नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब खरोखरच 12 भागिले 0.5, म्हणजे 24 अँपिअर ओढू बघतो. थोडं वायरी अडवतात, थोडं बॅटरी, आणि सेकंदाचा लहानसा अंश उलटायच्या आत तार तापून करंट खाली येतो. जुना बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडतो तो यामुळे.

आता तोच बल्ब 6 व्होल्टवर लावून बघा. व्होल्टेज निम्मं केलं म्हणून करंट निम्मा, 0.875, होईल असं वाटेल, प्रत्यक्षात 1.2 च्या आसपास येईल. तार कमी तापली, रोध 5 ओहमवर उतरला. शक्ती 6 गुणिले 1.2, म्हणजे 7 वॅटच्या थोडी वर. व्होल्टेज भागिले करंट हा हिशोब कुठेच चुकत नाही. तो फक्त त्या क्षणाचा, त्या तापमानाचा रोध सांगतो. पुस्तकात ओहमच्या नियमाशेजारी ‘तापमान स्थिर असताना’ असं छापलेलं असतं आणि माझ्या वायरमनच्या वर्गात पोरं नेमकं तेच गाळून पाठ करायची.

खुद्द गेओर्ग ओहमलाही स्थिर काही हाती लागेपर्यंत झगडावंच लागलं होतं. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजता मोजता उतरायचा. मग त्याने तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे वापरले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून. तापमानाच्या त्या फरकातून मिळणारा दाब अगदी क्षीण, पण हलत नव्हता. त्या मोजमापांवर उभं राहिलेलं त्याचं पुस्तक 1827 साली आलं.

प्रश्न : शक्तीची दोन सूत्रं आहेत. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हटलं तर रोध वाढला की शक्ती वाढते. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हटलं तर ती घटते. खरं कोणतं?

उत्तर : दहावीतला दिसतोस, आणि प्रश्न चांगला आहे. सूत्राकडे बघण्याआधी जोडणीकडे बघ. 4 आणि 12 ओहमचे दोन रोधक 12 व्होल्टवर समांतर लाव. व्होल्टेज दोघांना सारखं; 4 ओहमवाला 36 वॅट खाईल, 12 वाला 12. तेच एकसर लाव. एकूण 16 ओहम, करंट दोघांतून 0.75 अँपिअर, आता 4 ओहमवर 2.25 वॅट आणि 12 वर 6.75. जास्त कोण तापतो ते उलटं झालं. दोघांत सामाईक काय आहे ते हेर आणि ते ज्या सूत्रात आहे ते उचल. उत्तर दोन्ही सूत्रांनी एकच येतं, पण व्होल्टेज त्या रोधकाच्याच दोन टोकांमधलं घेतलंस तर.

इथेच मोठी माणसंही घसरतात. ढिला सांधा घे. त्याचा रोध 0.1 ओहम, आणि त्यातून 10 अँपिअर जातायत. वर्ग 100, गुणिले 0.1, म्हणजे 10 वॅट; सांध्यावर पडलेलं व्होल्टेज फक्त एक. कुणी 230 चा वर्ग करून 0.1 ने भागलं तर सव्वापाच लाख वॅट येतील, आणि तो कागद फाडावा. पण 10 वॅटलाही हसू नकोस. नखाएवढ्या जागेत ते सतत साठत राहिले तर प्लास्टिक वितळतं, आणि फ्यूजला काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

प्रश्न : मोटार 230 व्होल्टवर 2 अँपिअर घेते. गुणाकार 460, वॅटमीटर मात्र 320 दाखवतो. बाकीचे कुठे गेले?

उत्तर : कुठेही गेले नाहीत. एसी मोटारीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून गुणाकार वॅटचा नसून व्होल्ट-अँपिअरचा येतो. 320 भागिले 460, म्हणजे तुमचा पॉवर फॅक्टर 0.7. मीटरने वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध मोजून करंट काढायला जाल तर तोही जुळणार नाही, कारण तिथे गुंडाळीचा चुंबकीय विरोधही असतो. बिल वॅटवर धरा. वायर निवडताना मात्र पूर्ण 2 अँपिअर धरा.