‘एससीसी ऑनलाइन नाही म्हणून मी मागे पडेन का, मॅडम?’

लॉच्या मुलांचं डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, जमा करायची तारीख जवळ आली, की रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. सुरुवात होते झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही अशी. थोडं बोलणं झालं की खरी गोष्ट बाहेर येते. “मुंबई-पुण्याच्या मुलांकडे एससीसी ऑनलाइन आहे, मनुपात्र आहे. आम्ही कशावर रिसर्च करायचा? सायटेशनसाठी झोटेरो घेऊ की मेंडेली?” (पहिली दोन नावं कोर्टाचे निकाल शोधून देणाऱ्या, वर्गणीच्या ऑनलाइन सेवांची. झोटेरो आणि मेंडेली ही संदर्भ जमवून ठेवणारी सॉफ्टवेअर. सायटेशन म्हणजे फूटनोटमध्ये द्यायचा निकालाचा संदर्भ.) परवा तर एका विद्यार्थ्याचे वडीलच आले. आंब्याचे पैसे हातात आले होते आणि ते सॉफ्टवेअरवर घालावेत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अशा सगळ्यांसाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिने परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलगी एलएलएमची, खाडीकाठच्या एका वाडीतली. विषय छान निवडला होता: किनारपट्टी नियमन आणि कोळंबी शेती. काकांचे खाजणात कोळंबीचे तलाव आहेत, त्यामुळे विषय घरातलाच. पहिल्या भेटीत तिने पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. आत पट्टीने आखलेला तक्ता होता. सॉफ्टवेअरची नावं, किंमत, फायदे, तोटे, कोण काय म्हणालं, आणि समोर लाल शाईने तारे. असे तक्ते पानांमागून पानं भरले होते. डिझर्टेशन किती झालंय असं विचारलं, तर लॅपटॉप उघडून दाखवला. शीर्षक होतं, खाली ‘प्रकरण पहिलं’ होतं, आणि त्याखाली काहीच नव्हतं.

मी तिला विचारलं, “यातलं सगळ्यात महागडं उद्या तुला फुकट मिळालं, तर परवा काय करशील?”

“सेटअप करीन.”

“आणि तेरवा?”

ती बराच वेळ वहीच्या कडेशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मग फूटनोट चुकणार नाहीत.”

“चुकल्या तर?”

“व्हायव्हाला बाहेरचे सर येतात, मॅडम. म्हणतील, मराठी मिडीयमची आहे, हिला साधं केसचं सायटेशन जमत नाही.”

इतक्या वर्षांच्या कामात मला एक गोष्ट पक्की दिसली आहे. जो माणूस साधनांची तुलना करता करता थकून जातो, त्याला बहुतेक वेळा साधन नको असतं. चूक होणार नाही याची हमी हवी असते. ती हमी कोणतीही कंपनी देत नाही, म्हणून शोध संपत नाही, आणि शोध संपत नाही तोवर लिहायला बसावं लागत नाही. ही मुलगी आळशी नव्हती. ती रोज रात्री एक-दीडपर्यंत जागत होती, फक्त तिचं सगळं बळ चुकीच्या दारावर खर्च होत होतं.

काही समुपदेशक अशा वेळी लहानपणात शिरतात, ‘मराठी मिडीयम’चा सल कुठून आला ते खणून काढतात. ती वाट मी नाकारत नाही. माझा कल मात्र कृतीकडे आहे. मन शांत झालं की काम सुरू करू, असं म्हणणाऱ्याचं काम सुरू होत नाही. हात आधी हलतात, मन मागून येतं. म्हणून मी तिला एवढंच सांगितलं: पुढच्या भेटीपर्यंत वही उघडायची नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जायचं, तुझ्या विषयावरचा एकच निवाडा छापील खंडात शोधायचा, पूर्ण वाचायचा आणि त्याचं सायटेशन पेनाने लिहून आणायचं.

“ह्या माका जमाचा नाय,” ती पटकन म्हणाली. तिची आई मालवणची. घाबरली की हिच्या तोंडून आईची बोली येते, हे मला नंतर कळलं.

पुढच्या भेटीला ती आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. निवाडा होता एस. जगन्नाथ विरुद्ध युनियन ऑफ इंडिया. किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल, तारीख ११ डिसेंबर १९९६. म्हणून ती निकालांचे १९९६ चे खंड काढून बसली. एकामागून एक चाळले, सापडेना. तिला वाटलं, आपल्यालाच कळत नाही. रडवेली होऊन उठणार, तेवढ्यात ग्रंथपाल म्हणाले, “डिसेंबरचा निकाल आहे ना? सत्त्याण्णवचा दुसरा खंड बघ.” आणि ८७ व्या पानावर जगन्नाथ सापडला.

मग तिने माझ्यासमोर कागदावर लिहिलं: (१९९७) २ एससीसी ८७. एकेका आकड्यावर बोट ठेवून मला समजावलं. कंसातलं वर्ष खंड छापला त्याचं, निकालाचं नव्हे. एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निकालांची मालिका. २ म्हणजे त्या वर्षाचा दुसरा खंड. ८७ म्हणजे पान. नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टर या दुसऱ्या मालिकेत हाच निकाल एआयआर १९९७ एससी ८११. “मॅडम, हा पत्ता आहे हो! मुक्काम, पोस्ट, तालुका. दुसऱ्या कुणाला तिथे पोचता यावं म्हणून लिहायचा.”

मी गप्प बसून ऐकत होते. इतके दिवस सायटेशन म्हणजे तिला परीक्षकाच्या हातातली छडी वाटत होती. आता तीच गोष्ट वाचणाऱ्यासाठी केलेली सोय झाली. असा क्षण मला सांगून आणता येत नाही. तो यावा अशी जागा तेवढी मला करता येते, आणि ती जमली याचं मला आजही समाधान आहे.

पण त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट आणली होती, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. त्या निकालात न्यायालयाने पारंपरिक पद्धती सोडून बाकीची कोळंबी शेती सीआरझेडमधून, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रातून, हटवायला सांगितली होती. ते वाचून ती हादरली. काकांच्या तलावांचं काय? तोच प्रश्न घेऊन ती पुढे शोधत गेली आणि तिला २००५ चा कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटी अ‍ॅक्ट सापडला, मग त्यातली २०२३ ची दुरुस्ती. म्हणजे न्यायालयाने एक सांगितलं, नंतर संसदेने कायदा करून चित्र बदललं. तिच्या डिझर्टेशनचा कणा तिला मिळाला होता, आणि तोपर्यंत तिने एकही सॉफ्टवेअर घेतलं नव्हतं.

त्यानंतरच आम्ही सॉफ्टवेअरबद्दल बोललो. ते बोलणं इथे सांगते, कारण प्रश्न खोटा नाही, फक्त त्याची पाळी नंतरची आहे.

निवाडे शोधायला पैसे लागत नाहीत. ‘इंडियन कानून’ २००८ पासून मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू केलं. न्यायालयाच्या अधिकृत अहवालातले निकाल तिथे कुणालाही फुकट वाचता, उतरवून घेता येतात. केंद्रीय कायद्यांसाठी ‘इंडिया कोड’ आहे. २०२३ पासूनच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना स्वतःचा क्रमांक मिळू लागला: आधी वर्ष, मग ‘आयएनएससी’ ही अक्षरं, मग आकडा. त्यामुळे अलीकडचा निकाल सांगताना कुठल्याही खासगी प्रकाशनाच्या खंडावाचून अडत नाही. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र यांचा खरा फायदा वेगळा आहे: एखादा निकाल पुढे कुठे उचलला गेला, कुठे फिरवला गेला, हे तिथे लवकर दिसतं. ती सोय हवी असेल तर आधी कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. वर्गणी बऱ्याचदा कॉलेजने भरलेली असते आणि मुलांना पत्ताच नसतो. मी त्या आंबेवाल्या वडिलांनाही हेच सांगितलं.

संदर्भ जमवायला मी झोटेरो सुचवते. मोफत आहे, आणि आपल्याकडे त्याचं मोठं कारण म्हणजे ते इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालतं. पावसात वाडीची लाइट दोन-दोन दिवस जाते, रेंज तर दरडीबरोबरच जाते. पीडीएफ आधी उतरवून झोटेरोत ठेवलेल्या असतील, तर चार्ज आहे तोवर काम थांबत नाही. वर्डमध्ये फूटनोटही तेच घालून देतं. मात्र भारतीय निवाड्यांचे तपशील ते आपोआप नीट भरेलच असं नाही. पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान हाताने तपासून भरा. ज्याने एकदा पेनाने सायटेशन लिहिलंय, त्याला ही तपासणी जड जात नाही.

आणि एआयला केस विचारणाऱ्या मुलांना मी न्यूयॉर्कचा २०२३ चा प्रसंग मुद्दाम सांगते. तिथल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलरचा दंड झाला. म्हणून मुलांनो, जो निकाल तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो फूटनोटमध्ये घालू नका. मग तो मित्राने दिलेला असो वा मशीनने.

सायटेशन लिहायची ब्लूबुक, ऑस्कोला की आणखी कोणती पद्धत, हे मैत्रिणींच्या ग्रुपवर ठरवू नका. पहिली फूटनोट लिहायच्या आधी गाइडना विचारा, जमल्यास लिहून घ्या, आणि तीच शेवटपर्यंत ठेवा. एवढं करूनही रात्री डोळ्याला डोळा लागत नसेल, घास उतरत नसेल, तर डिझर्टेशन जमा होईपर्यंत थांबू नका, लगेच भेटायला या. येताना लॅपटॉप आणा, आणि जेवढी पानं झाली असतील तेवढी आणा, अर्धं पान असलं तरी चालेल.