चार दिवसांचं तिकीट आणि आमचा आठवा दिवस

तुमचा बेत वाचला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला उतरल्यावर दोन दिवस डिस्ने वर्ल्डची पार्कं, मग चार-पाच दिवस टॅम्पाला भावाकडे नि समुद्रावर, आणि परतताना उरलेले दोन दिवस पुन्हा डिस्ने. वाचून पोटात गोळाच आला, कारण दिवस इकडेतिकडे सोडले तर हा आमचाच बेत आहे. विमान, हॉटेल, कपडे यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही जमवालच.

चार दिवसांचं तिकीट म्हणजे मनाला येईल तेव्हा वापरायचे चार दिवस नव्हेत. २०१८ पासून ही तिकिटं तारखेवर चालतात. सुरुवातीची तारीख धरून सात दिवसांत चारही दिवस वापरून संपवायचे. पाच दिवसांचं घेतलंत तर आठ दिवस मिळतात. एवढंच आहे, पण आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. ज्यांच्याकडून तिकिटं काढली (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) त्यांच्याच माणसाने आमचा दिवसवार तक्ता बनवला होता. सोमवार-मंगळवार पार्क, बुधवार ते शनिवार टॅम्पा, रविवारी पार्क आणि शेवटचा सोमवार खास मॅजिक किंगडमला, म्हणजे डिस्नेच्या किल्ला असलेल्या पार्कला. मोजा बोटांवर. तो सोमवार आठवा.

लेकीसाठी किल्ला मुद्दाम शेवटी ठेवला होता. मॅजिक किंगडमला गाडी दाराशी जात नाही. लांब लावायची आणि तिथून मोनोरेल नाहीतर बोट. आम्ही बोट घेतली. पाण्यापलीकडे किल्ला दिसला तशी ही कठड्याला चिकटून उड्या मारायला लागली, डोक्यावर मिनी माउसचा ठिपक्यांचा बो. दारात तिकीट टेकवलं तर हिरव्याऐवजी निळा दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा निळा. पाचही जणांचा तोच प्रकार. आणि आत काय आहे ते बाहेरून दिसतही नाही, समोर रेल्वे स्टेशनची इमारत येते. "किल्ला कुठे गेला?" असं ती विचारत होती आणि मी फोनवर पीडीएफ मोठी करून बघत होते. शेवटची तारीख तिथे चक्क छापलेली होती, कालची. ती न वाचणं ही माझी चूक, ते कबूल.

शेवटी नवरा आणि लेक यांची नवी एक दिवसाची तिकिटं काढली. किती पैसे गेले ते विचारू नका. मी सासू-सासऱ्यांना घेऊन मोनोरेलमध्ये बसले. ती फुकट आहे, गार आहे आणि हॉटेलांच्या आतून-बाहेरून फिरवते. सासरे तर दोन फेऱ्या झाल्यावरही उतरेनात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे लक्षात ठेवा.

वाईट याचं वाटलं की रविवारीच लक्षात आलं असतं तर मुदत शिल्लक असतानाच फरक भरून एक दिवस वाढवता आला असता. परत आल्यावर तिकिटं काढून देणाऱ्यांच्या ऑफिसला तीन फोन केले. एकदा "बघतो", एकदा "साहेब मीटिंगमध्ये आहेत", आणि शेवटी "मॅडम, अटींमध्ये लिहिलेलं असतं." अहो, तक्ता तुम्हीच केलात ना? असो. बीपी वाढतं.

तेव्हा माझं मत: टॅम्पा आधी उरका, मग चारही दिवस सलग पार्क. मधे एक दिवस हॉटेलवर लोळायला ठेवा, तरी सातात बसतं. नियम सतत बदलतात, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, तिकीट हातात आलं की दोन्ही तारखा स्वतः वाचा.

मुलांच्या वयाचंही बघा. तीन पूर्ण नसतील तर तिकीट लागत नाही आणि दहा झाले की मोठ्यांचं लागतं. पण वय धरतात ते पार्कात जायच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नव्हे. तुमचा थोरला नऊचा आहे म्हणता, वाढदिवस कधी आहे? आणि उंची घरीच मोजून न्या. स्पेस माउंटन या राइडला ४४ इंच लागतात, सेव्हन ड्वार्फ्सच्या राइडला ३८. रांगेच्या तोंडाशी पट्टीला उभं करून नाही म्हटलं की जी रडारड होते ती आवरत नाही. धाकटीला कुणीतरी बाहेर सांभाळणार असेल तर 'रायडर स्विच' मागा, मग दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही.

लाइटनिंग लेनवर, म्हणजे जादा पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेवर, लोक भांडतात. मला विचाराल तर मॅजिक किंगडमच्या दिवशी घ्या, अ‍ॅनिमल किंगडमला (डिस्नेचंच प्राण्यांचं पार्क) पैसे वाचवा. ज्यांना सकाळी उठायचा कंटाळा नाही त्यांना कदाचित कुठेच लागणार नाही, पण आमच्याकडे अंघोळी आटपेपर्यंत दहा वाजतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरलात तर सात दिवस आधी बुक करता येतं, बाहेर राहिलात तर तीन दिवस आधी.

खायचं आत नेऊ देतात, फक्त काचेची बाटली नको. खाकरे, लाडू खुशाल न्या. साधं गार पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मिळतं, मागावं मात्र लागतं. उन्हाळ्यात जात असाल तर दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात, ती वेळ जेवणाला काढा.

आणि बाबागाडीच्या दांड्याला एखादी भडक ओढणी बांधा. तुम्ही राइडवरून येईपर्यंत तिथली माणसं गाड्या उचलून दुसरीकडे ओळीत लावतात, आणि सगळ्या सारख्याच दिसतात. आम्ही एकदा दुसऱ्याचीच घेऊन निघालो होतो, आतल्या बाहुलीवरून कळलं.