डॉक्टरांच्या मुलीसारखा अभ्यास मला का होत नाही?

प्रश्न: ताई, मी हर्णैची. बाबा बोटीवर खलाशी, आई बंदरावर मासळी विकते. दहावीपर्यंत मराठी शाळा. नीट रिपीट करून सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला, गावात माझा बॅनरपण लागला. आता पहिलं वर्ष चालू आहे आणि पुस्तक उघडावंसंच वाटत नाही. रूममेटचे आईबाबा दोघंही डॉक्टर, तिला सगळं आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. घरच्या परिस्थितीमुळे मी कमी पडतेय का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर: अगं, आधी त्या बॅनरचं बोलूया. नीटच्या वेळी समोर एक तारीख होती, एक स्कोअर होता आणि अख्खं गाव वाट बघत होतं, त्या दबावाखाली अभ्यास होऊन जायचा. आता समोर साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष, आणि बायोकेमिस्ट्रीचा एक चॅप्टर संपवला म्हणून कोण बॅनर लावणार?

डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की दबावाखाली केलेला अभ्यास आणि स्वतःला पटून केलेला अभ्यास यात दुसराच जास्त टिकतो, आणि त्यासाठी तीन गोष्टी लागतात: हे आपण ठरवलंय असं वाटणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आजूबाजूला आपली म्हणावी अशी माणसं असणं. परिस्थितीचा फटका बसतो तो इथेच. वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हातात हाड देतात, तुला ते ओळखता येतं, पण इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या रोल नंबरवर गेलेले असतात. असं चारदा झालं की पोरगी समजते आपल्याला येतच नाही. रूममेटला घरून काय मिळालंय तर कुठलं पुस्तक आधी वाचायचं, प्रश्न कसे फिरवून विचारतात, कुठल्या सिनियरला गाठायचं. ही सगळी माहिती, ती विचारून मिळते, सरळ तिलाच विचार. (आणि तीसुद्धा घरचं हॉस्पिटल चालवायचं म्हणून आली असेल तर तिचंही मन लागत नसेल, बोलून बघ.)

रोज रात्री पंधरा मिनिटं दोघींनी एकमेकींची वायव्हा घ्या, मोठ्याने, इंग्रजीत, चुकत माकत. मी शिकवते तिथे मराठी माध्यमाच्या मुलांना सगळ्यात जास्त फरक यानेच पडलेला बघितलाय. कॉलेजने मेंटर दिला असेल तर त्यांना मार्क कमी पडायच्या आधी भेट, नंतर नाही.

आणि फॅमिली ॲडॉप्शनला मनापासून जा, म्हणजे पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचं ते. बरीच मुलं हजेरीपुरती जातात. पण मासळी विकणाऱ्या बाईला हात कोरडे ठेवा सांगून भागत नाही हे तुला कुणी शिकवायला लागणार नाही, तुझी आई तेच करते. आपण इथे का आलो ते तिथे जास्त कळेल, डिसेक्शन हॉलमध्ये कमी.

लेक्चर मात्र बुडवू नकोस, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. झोप, जेवण उडालं असेल, सतत रडू येत असेल तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिला नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन कर, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.